चौदा कलमांतल्या ताई

सोमवार, ३ फेब्रुवारी. सायंकाळी सहा.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कंपनीने मला पुन्हा बोलावले. आश्चर्य वाटले नाही. लिफ्ट बनवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत मी एकतीस वर्षे माहितीपुस्तिकांचे संपादन केले. ‘दार बंद होत असताना हात मध्ये घालू नये’ हे प्रत्येक लिफ्टमधील वाक्य माझे आहे. आजवर त्यातले एक अक्षर कोणाला बदलावे लागलेले नाही. लोक हात घालतात, हा वेगळा विषय.

बोलावणाऱ्या गृहस्थांचे पद ‘एंटरप्राइज आर्किटेक्ट’. इमारतींशी संबंध नाही. कंपनीतील सर्व यंत्रणा व कामे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, त्याचा आराखडा करणे हे त्यांचे काम. आराखडा भिंतभर आहे. दोनशे बारा चौकोन, बाण असंख्य, माणूस एकही नाही. आर्किटेक्ट म्हणाले की सर, बेसिकली आम्हाला माणूस सेंटरला आणायचाय, आणि त्याला स्टोरी लागते. मी ‘केंद्रस्थानी’ हा शब्द सुचवला. तेच ते, म्हणाले. तेच ते नव्हे. पण पहिलाच दिवस होता.

‘तक्रार’ व ‘मेकॅनिक’ या दोन चौकोनांमध्ये एक बाण आहे. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले की इथे एक बाई बसतात. एकोणीस वर्षे. सगळे त्यांना ताई म्हणतात. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन त्या घेतात आणि मेकॅनिक पाठवतात. नव्या सिस्टीममध्ये फोन थेट मेकॅनिककडे जाईल, म्हणून समितीला ताईंचे टेबल बंद करायचे आहे. आर्किटेक्टना ते पटत नाही. पण का पटत नाही, ते चौकोनात मावत नाही. २७ तारखेला समितीपुढे मी ताईंची गोष्ट वाचायची. गोष्ट पटली तर टेबल राहील. नाही पटली तर ताई मार्चअखेर घरी.

संकल्प : केवळ ऐकणे. मध्ये न बोलणे. पंधरा तारखेपर्यंत कच्चा मसुदा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीबाहेर जुन्या केबलची भेंडोळी. दोन फोन. हेडफोनला चिकटपट्टी. ताई पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या. पाहताच म्हणाल्या, या काका, त्या खुर्चीवर नको, ती दगा देते.

एक गृहस्थ चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकले होते. ताई त्यांना म्हणाल्या, आधी खाली बसा बघू. मळू दे पँट, धुता येते. घरी कोण आहे? बायको? मग काय, तेवढाच निवांतपणा! पलीकडून हसण्याचा आवाज आला. मेकॅनिक अडतीस मिनिटांनी पोहोचला. तोवर ताई बोलतच होत्या.

अपूर्ण वाक्ये : सतरा. ‘आपण खाली बसावे’ अधिक योग्य, असे मी मध्येच सुचवले. ताईंनी फोनवर हात ठेवून सांगितले की काका, तो माणूस रडायच्या बेतात आहे, जरा दम धरा. नोंद : दबावाखाली ताई चटकन चिडतात.

दुसरा संकल्प तीनदाच मोडला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

महत्त्वाचा शोध. सिस्टीमच्या पडद्यावर सर्वांत जवळचा मेकॅनिक म्हणून, ताई ज्याला ‘लांबू’ म्हणतात, त्याचे नाव होते. ताईंनी दुसऱ्यालाच पाठवले. कारण विचारले. म्हणाल्या, काका, लिफ्ट बंद म्हणजे मेकॅनिकने जिनेच चढायचे ना? अकरा मजली इमारत आहे. लांबूचा गुडघा गेलाय. तो नवव्या मजल्यावर पोचला की आधी त्यालाच सोडवायला माणूस पाठवायला लागेल.

गुडघा नेमका कितव्या मजल्यापासून दुखतो, असे विचारले. म्हणाल्या, गुडघा काय मजले मोजतो का? मी आग्रह धरला. त्या म्हणाल्या, लिहा सहा.

सहा लिहिले. अशा रीतीने माहिती मिळवावी लागते.

सोमवार, १० फेब्रुवारी

ताईंना स्वतःच्या हाताने एका फोनची हकिगत लिहून आणण्यास सांगितले होते. आणली. एक पान. त्रेचाळीस दुरुस्त्या करून परत दिली. पान पाहून त्या म्हणाल्या, अगंबाई, रक्तदान शिबिर आहे की काय! हसल्या. नंतर दिवसभर फारसे बोलल्या नाहीत. विचारपूर्वक बोलण्याची सवय लागत असावी.

आर्किटेक्टनी मसुदा पाहायला मागितला. अपूर्ण लेखन मी कोणास दाखवत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

माणूस घाबरला आहे हे कसे कळते, हा प्रश्न तीन दिवस लावून धरला. ताईंचे उत्तर एकच : कळतं हो. हे उत्तर नव्हे. जे कळते ते लिहिता आलेच पाहिजे. अखेर त्या म्हणाल्या की श्वासावरून कळतं. मी घड्याळ घेऊन बसलो व त्यांना श्वास मोजायला लावले. फोनवरील व्यक्तीने विचारले की बाई, तुम्ही गप्प का झालात?

निष्कर्ष : मिनिटाला चोवीसपेक्षा अधिक श्वास, म्हणजे भीती. समाधान वाटले. निदान वाटायला हवे होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी चार.

एक वृद्ध बाई सत्तर मिनिटे अडकल्या होत्या. ताईंचा डबा उघडाच राहिला. बाई आपल्या दिवंगत यजमानांविषयी बोलत होत्या. ते लिफ्टचे दार धरून उभे राहायचे आणि बाई आत आल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. ते गेल्यापासून वर्षभरात हे बाईंनी कोणाला सांगितले नव्हते, कोणी विचारले नव्हते. ताई फक्त हं, मग, अगं बाई, असे म्हणत होत्या. बाई सुटल्या तेव्हा म्हणाल्या, एवढ्यात आला का हो मेकॅनिक?

फोन ठेवून ताईंनी रुमालाने डोळे पुसले. मला विशेष काही वाटले नाही. अलीकडे वाटत नाही. कालावधी नोंदवला.

ताई म्हणाल्या, हे लिहा काका. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल. माझी खुर्ची राहिली तर ह्याच्यावर राहील. मी समजावून सांगितले की यजमानांचा तक्रार-निवारणाशी संबंध नाही. यास विषयांतर म्हणतात. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेले. तुम्हाला जास्त कळतं.

हे मात्र खरे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मसुदा आज द्यायचा होता. चष्म्याची काडी सैल आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चष्मा दुरुस्त. आज पेनाची शाई.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गोष्ट पूर्ण. चौदा परिच्छेद व कालावधींचे परिशिष्ट; प्रत्येक परिच्छेदास क्रमांक दिला, म्हणजे समितीला संदर्भ देणे सोपे. विनोद, सुस्कारे, डबा, रुमाल, यजमान काढून टाकले. जे उरले ते स्फटिकासारखे स्वच्छ आहे. ‘फोन आल्यावर प्रथम मजला विचारावा. श्वास मोजावेत. मजले सहाहून अधिक असल्यास गुडघेदुखी असलेला मेकॅनिक पाठवू नये.’ यापेक्षा ताईंच्या बाजूने कोणी काय लिहील?

सौ.ला वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. सगळे ऐकून तिने विचारले, यात ती बाई कुठाय? मी म्हणालो, उत्तम लेखनात लेखक दिसत नाही. ती म्हणाली, अहो, लेखकाचं नाही विचारलं. तिला साहित्याची फारशी आवड नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आर्किटेक्टनी पुन्हा मसुदा मागितला. सर, एकदा नजर टाकतो, बेसिकली रिस्क नको. स्वल्पविरामांवर अखेरचा हात फिरवायचा आहे, असे सांगितले. माझ्या एकतीस वर्षांत कोणी माझ्या मजकुरावर नजर टाकलेली नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. रात्री जेवणानंतर.

यश. अकरा मिनिटांत वाचन झाले. कोणी खोकलेही नाही. ताईंना मागच्या खुर्चीवर बसवले होते. नवी साडी नेसून आल्या होत्या.

वाचन संपल्यावर समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारले की ताई जे जे करतात ते सर्व यात आले आहे का, की काही राहिले आहे? मी उभा राहून सांगितले की यात एकही गोष्ट सुटलेली नाही, जबाबदारी माझी. तांत्रिक विभागाचे प्रमुख खुर्चीतून उठलेच. म्हणाले, वीस वर्षांत इतकं क्लिअर मला कोणी लिहून दिलेलं नाही. हे असंच्या असं मशीनमध्ये घालता येईल. सहा आठवडे, फार तर सात! सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

आर्किटेक्ट टेबलाकडे बघत होते. टाळ्या वाजवायचे राहून गेले असावे. ताईंनी वाजवल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, छान वाचलंत हो काका. आवाज अगदी मोकळा लागला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

निर्णय सूचनाफलकावर लागला. ताईंचे टेबल ३१ मार्चपासून बंद. ‘सविस्तर अहवालाबद्दल’ माझे आभार. तोपर्यंत चाचणी म्हणून ताईंनी फोनवर माझी चौदा कलमे वाचून दाखवायची आहेत.

समितीचा गैरसमज झाला आहे. लेखनात दोष नाही. असता तर कोणीतरी काढला असता. हरकत नोंदवण्याचा फॉर्म आहे. मुदत ५ मार्च, सायंकाळी पाच. त्यात एकच रकाना : अहवालात न आलेले नवे मुद्दे. एक मुद्दासुद्धा पुरतो, असे आर्किटेक्ट म्हणाले. फक्त एक, सर. त्यांनी ‘बेसिकली’ म्हटले नाही.

संकल्प : सोमवारपर्यंत दहा मुद्दे.

सोमवार, ३ मार्च

ताईंच्या खोलीत घेतलेल्या नोंदी चाळल्या. या नोंदी मी रोज स्वच्छ प्रतीत उतरवतो व कच्ची पाने फाडून टाकतो. स्वच्छ प्रतीत ताई म्हणतात, ‘कृपया आसनस्थ व्हावे.’ नवा मुद्दा मिळाला नाही.

मंगळवार, ४ मार्च

ताईंकडे गेलो. कलमांचा कागद चिकटपट्टीने फोनसमोर लावला होता. त्या वाचत होत्या : आपण कोणत्या दोन मजल्यांच्या मध्ये आहात, ते सांगावे. पलीकडील माणूस ओरडला की तुम्ही माणूस आहात का रेकॉर्डिंग? ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, काय सांगू ह्यांना? कलम सापडत नाही.

पूर्वी तुम्ही काय बोलायचात ते पुन्हा सांगा, अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, ते काही ठरवून नसायचं हो. आता बोलायला गेलं की आधी वाटतं, हे बरोबर आहे का. आणि मग राहतंच.

 मोडक्या खुर्चीवर बसलो होतो, हे उठताना कळले.

बुधवार, ५ मार्च. सायंकाळी.

सकाळी सौ. म्हणाली, रोज संध्याकाळी त्या वहीत काय खरडता? त्यात असेल की त्या बाईचं काही. तेच द्या. मी सांगितले की रोजनिशी खाजगी असते, व तिच्यातील मजकूर कोणाला दाखवण्याच्या योग्यतेचा नसतो. ती म्हणाली, मग लिहिता कशाला?

तरीही उघडली. ४ फेब्रुवारी होतेच. पँट होती, बायको होती. १४ फेब्रुवारीही होते. दार धरून उभे राहणारे यजमान. एकदा वाचले. मग पुन्हा वाचले. छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी हलल्यासारखे वाटले, म्हणून पाणी प्यायलो.

परंतु हे असेच देणे शक्य नव्हते. वाक्ये अर्धवट, कर्ता कुठे आहे याचा पत्ता नाही. समितीसमोर माझ्या सहीने असे काही जाणे बरे नव्हे. म्हणून शुद्ध करून उतरवायला बसलो. ४ तारखेची नोंद शुद्ध झाली, तेव्हा कलम तीनशी तंतोतंत जुळली. ६ तारखेची कलम नऊशी. १४ तारखेचे विषयांतर काढल्यावर ‘कालावधी : सत्तर मिनिटे’ एवढेच राहिले, व तेही परिशिष्टात आधीच आलेले आहे.

साडेतीन वाजले होते. रकान्यात लिहिले : नवे मुद्दे नाहीत. सही केली. मुदतीच्या पंचवीस मिनिटे आधी फॉर्म खिडकीत दिला, पोच घेतली.

जिन्यात ताई भेटल्या. म्हणाल्या, काका, दिलात का? मी म्हणालो, दिला. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, मला माहीत होतं तुम्ही काहीतरी कराल. आणि धापा टाकत वर गेल्या, फोन वाजत होता.

मी खोटे बोललो नाही. फॉर्म दिलाच होता.