करंगळी आणि टाच

४ नोव्हेंबर, मंगळवार

हरले एकदाची! मुद्दामच हरले. यांच्या कानाशी जाऊन सांगितलं — अहो, तुमचंच बरोबर. पुलाचं पान हनुवटीवाल्याचंच. मी उगाच जन्मभर डोकं खाल्लं तुमचं.

वाटलं, हसतील. निदान मिशीतल्या मिशीत. न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड जोडून घरी आणलं, तेव्हापासून धड बोलतच नाहीत. पाणी दे, दिवा लाव — संपलं. सून म्हणाली, आई, आता त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या मनासारखं बोला. म्हणून एवढी मोठी हार गिळली मी. तर हे नुसते बघत राहिले माझ्याकडे. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. झोप आली असेल.

आता पुलाचं पान म्हणजे काय ते लिहायला हवं, वहीला कसं कळणार! लग्न झालं तेव्हापासून हे दर महिन्याला ‘वादळवीर’ आणायचे. चित्रांचं पुस्तक. निळा झगा, उडतो, एका बुक्कीत इमारत पाडतो आणि मग स्वतःच माणसांना बाहेर काढतो. मला वाचता कुठे येत होतं, दुसरीत शाळा सुटली. हे फुगे वाचायचे — माणसांच्या तोंडातून बोलण्याचे फुगे निघतात ना, ते — आणि मी चित्रं बघायची. त्या फुग्यांवरूनच अक्षरं शिकले. अजूनही माझं ‘धडाम्’ सगळ्यात सुबक येतं.

चित्रं काढणाऱ्यांची नावं तेव्हा छापत नसत. मग आम्हीच ठेवली. एक हनुवटीवाला. त्याच्या माणसांच्या हनुवट्या विटेसारख्या, बायकांच्यासुद्धा! दुसरा काळोख्या. दौत कलंडल्यासारखी शाई, अर्धं तोंड अंधारात, पण हात असे काढायचा की वाटावं आता आपलं मनगट धरेल. मी हातमोज्यांच्या कारखान्यात बोटं शिवायची, मला आधी हातच दिसणार. यांचं बुटांचं दुकान, यांना बूट.

तर त्या पानावर वादळवीर तुटलेला पूल पाठीवर तोलून धरतो. वर शाळेच्या मुलांची बस. मान खाली — म्हणजे हनुवटीच दिसत नाही! तिथेच घोडं अडलं. मी म्हणते काळोख्या, करंगळी बघा, बाकीच्या बोटांपासून कशी फटकून आहे. हे म्हणतात हनुवटीवाला, टाच बघ. दूध का नासलं इथून भांडण निघायचं आणि करंगळीवर येऊन पोचायचं.

आज ते संपवलं. चांगलं केलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

परवापर्यंत जेवत तरी होते. काल दोन चमचे सूप. आज तेही नाही. ओठ असे मिटतात की चमचा दातावर वाजतो. दुखतंय का विचारलं तर मान हलवतात — नाही. रागावलात का? त्यालाही नाही. मग काय हो? तर पांघरूण वर ओढून घेतात.

उशाशी पुस्तकं मांडून बसले. हा बघा हनुवटीवाला, काय उडवलाय! हा बघा, ढगसुद्धा दगडाचे वाटतात, तुम्ही म्हणायचात तसेच. यांच्या आवडीचंच सगळं बोलले. डोळे मिटून घेतले.

७ नोव्हेंबर

आजही नाही. नुसतं पाणी.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी डॉक्टर येऊन गेले. हाड छान जुळलंय म्हणे. मग दाराबाहेर जाऊन हळूच म्हणाले, मंगळवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर हॉस्पिटलात आणा, नाकातून नळी घालू. आणि म्हणाले, औषध देता येतं, पण माणसाने मनातूनच सोडलं तर काय करणार. सून म्हणाली, तासभर तुमच्या मंडळींत जाऊन या, मी बसते.

मंडळी म्हणजे वादळवीरची वेडी माणसं. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी जमतात. जुनी पानं भिंतीवर मोठी करून दाखवतात आणि कुणाची रेघ कुणाची यावर हमरीतुमरीवर येतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला रडूच आलं — एवढी आपली माणसं! आमची नावंसुद्धा उचलली त्यांनी, आता सगळेच हनुवटीवाला-काळोख्या म्हणतात. चष्मेवाली कॉलेजात शिकवते, तिला हनुवटीवाल्याचा ठावठिकाणा लागलाय म्हणे! मुलीकडे असतो, फार थकलाय. ती जाऊन पुलाचं विचारणार आहे. टकलू वायरिंगची कामं करायचा, आता घरीच असतो. त्याचं आणि माझं कधी पटत नाही, तो मला काळोख्याची वकील म्हणतो.

आज मात्र टकलूने खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, काळोख्याला आकाश काढता येत नव्हतं. वाटलं, आता उसळतील. तर टकलू म्हणतो, आजी म्हणतात तर तसंच असेल. चष्मेवालीही हो म्हणाली. मग मी मुद्दाम काहीच्या बाही बोलले — हनुवटीवाल्याला घोडा जमायचा नाही. सगळ्या जगाला माहीत आहे घोडा त्याचाच! तर त्यालाही माना डोलावल्या. इतक्या मऊ आवाजात बोलत होते की मला वाटलं, मी मेलेय आणि हे माझ्या शोकसभेला बसलेत.

घरी परतताना लिफ्टमध्ये शिरले आणि लख्ख कळलं. मी यांचं हेच केलं. जन्मात कधी हार मानली नाही आणि अचानक जाऊन कानात सांगितलं, तुमचंच बरोबर. हा माणूस काय समजला असेल? ही हरली म्हणजे माझं आता काही उरलं नाही. त्याच दिवसापासून तोंड मिटलंय!

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून भांडतेय. मी खोटं बोलले होते म्हटलं. पान काळोख्याचंच आहे, तुमचं डोकं फिरलंय. आवाज मेला मध्येच चिरकतो. यांना कळतं, ही घाबरून भांडतेय. भिंतीकडे तोंड. पाठ एवढीशी झालीय, सदऱ्यात हरवल्यासारखी.

सून दारातून म्हणाली, आई, पुरे आता. तिला सांगितलं सगळं. आधी तिला मी भ्रमिष्ट वाटले. मग गॅस बंद करून आली आणि म्हणाली, चष्मेवालीला मी फोन लावते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आली चष्मेवाली आणि टकलू दोघंही, पान मोठं छापून घेऊन. पलंगाशी उभं राहून टकलूने काय तोंड सोडलं! काळोख्याच, म्हणाला, आंधळ्यालाही दिसेल. स्वतः हनुवटीवाल्याचा कट्टर भक्त असून! चष्मेवाली उगाच यांच्या बाजूने बोलली, आणि अगदी लेचंपेचं बोलली, तसं ठरलंच होतं. मी टाळी दिली टकलूला. शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून.

यांचा पाय पांघरुणाखाली हलला. मला दिसला. सून म्हणते वात असेल.

सूप नाही. जाताना टकलू जिन्यात डोळे पुसत होता, मी बघितलं नाही असं त्याला वाटावं म्हणून पाठ केली. उद्या मंगळवार. पिशवी भरून ठेवलीय, टॉवेल, कवळीची डबी, पायमोजे. देवा, नळी नको रे. मला काही सुचत नाही. आणखी काय बोलू या माणसाला?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आधी हे लिहून टाकते. गाडी खाली यायची होती. सून शेवटचं म्हणून वाटी घेऊन उभी. मी यांना पायमोजे घालत होते आणि मला अशी चीड आली! देवाची, यांची, त्या पुलाची. म्हटलं, जन्मभर बूट विकलेत, पण बुटातलं तुम्हाला ओ की ठो कळलं नाही. गिऱ्हाईकं माझ्या तोंडाकडे बघून यायची.

मान वळली. हळूहळू, सगळी. डोळ्यांत तोच जुना जाळ!

“टाच बघ,” म्हणाले.

मी म्हटलं, बघितली टाच.

“नीट बघ. बाहेरून झिजवलीय. काळोख्याच्या बापाला तरी —”

पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि सुनेने चमचा आत घातला. आधी ठसका. मग गिळलं. मग रागाने आणखी बोलायला उघडलं, दुसरा चमचा! अर्धी वाटी अशी गेली, शिव्या खात खात. गाडी परत पाठवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

चष्मेवालीचा फोन आला. भेटली त्याला. पूल हनुवटीवाल्याचाच. त्याने स्वतः सांगितलं. करंगळी तेवढी काळोख्याचं बघून काढली होती, असा हात मला कधी जमला नाही, म्हणाला. तिला बजावलंय, यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आत्ता आतून ओरडतायत, सूप गार आहे आणि तुझी करंगळी खोटी आहे. म्हटलं, आधी वाटी संपवा, मग दाखवते कोण खोटं ते.