मासे मेले नाहीत

४ फेब्रुवारी

आज सकाळी अंघोळीच्या आधी तीन मासे पुरले. गुलाबाच्या कुंडीत, खुरप्याने. माती थंड होती. हात धुऊन देवापुढे बसलो, पण जप पुढे जाईना. डोळ्यांपुढे तेच – पाण्यावर आडवे तरंगणारे तीन केशरी तुकडे.

काचेची टाकी लेकीने आणली. नर्सिंगच्या शिक्षणाला गेली त्याच्या आदल्या दिवशी. म्हणाली, "बाबा, मी नसताना घरात काहीतरी हलतं राहू दे." ती गेली आणि मी त्याच दिवशी टाकी धुतली, नळाखाली भरली, मासे सोडले. सकाळी खलास!

ही म्हणाली, "अख्ख्या गावाला पाणी पाजता, आणि तीन मासे जगवता येईनात तुम्हाला."

बावीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात आहे मी. पाण्यात औषध सोडणं हेच माझं काम.

५ फेब्रुवारी

मासे विकणाऱ्या बाईंकडे गेलो. दुकान इतकं अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं लागतं. सगळ्या भिंतींना काचा, सगळीकडे बुडबुडे.

"भाऊ, नळाचं पाणी थेट ओतलंत ना?"

"हो."

"मग दुसरं काय होणार? त्यात क्लोरीन असतं. माणसाला चालतं, माशाच्या कल्ल्यांना भाजतं. पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवायचं, मग घालायचं. तुम्ही काम काय करता?"

"ऑफिसात आहे," म्हणालो. खोटं! पण सांगणार कोणत्या तोंडाने? ज्या औषधाने मासे मेले ते मीच घातलेलं.

नवीन मासे दिलेच नाहीत तिने. आधी तीन आठवडे नुसती टाकी चालवा म्हणाली. फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, तेच माशांची घाण खातात. ते वाढेपर्यंत थांबायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. "आणि पाणी स्वच्छ दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. डोळ्याला काही कळत नाही."

९ फेब्रुवारी

रिकाम्या टाकीपुढे बसून जप केला. चांगला झाला.

१७ फेब्रुवारी

प्लांटवर तपासणीचे थेंब संपले. रोज काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी किती पिवळं होतं ते पट्टीवरच्या रंगाशी ताडायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. साहेबांनी मागणी पाठवली. तोवर ०.५ लिहीत जा म्हणाले. रोज तेवढंच तर येतं. लिहिलं.

२५ फेब्रुवारी

पाच गप्पी आणले! या वेळी सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घातलं, मग सोडले. त्यातला एक पिवळट, शेपटी थोडी फाटलेली. खायला घातलं की सगळ्यात शेवटी येतो. त्याचं नाव 'शेवटचा'.

ही म्हणते, "आम्हाला इतकं निरखून पाहिलं नाहीत कधी."

१ मार्च

खालच्या गल्लीत घरोघर जुलाब-उलट्या. चार मुलं दवाखान्यात, एक म्हातारी सलाईनवर. सगळे म्हणतात मावशीच्या खानावळीतलं अन्न बाधलं. आमच्या प्लांटवरची अर्धी माणसं तिच्याकडेच जेवतात. रेडिओ तर दोन्ही वेळा. (माझा जोडीदार. तोंड बंद होत नाही म्हणून हे नाव.) तोही आडवा झाला.

४ मार्च

आरोग्य खात्याने खानावळीला टाळं लावलं. रेडिओ कामावर आलाय. गालफडं बसलीत, तोंड चालूच. "वीस वर्षं खातोय तिथे, शेवटी मावशीने मलाच मारायला काढलं होतं! तू बरा रे. घरचा डबा, वर वहिनी पाणी उकळून देते. पाण्याचा माणूस आणि पाणी उकळून पितो!"

मीही म्हणालो, "शिळं वाढलं असेल." असं म्हणालो मी.

९ मार्च

मी बाहेर होतो. हिने टाकीत पाणी कमी झालेलं पाहिलं आणि बादलीभर पाणी ओतलं – सरळ नळाचं! घरी येऊन कळलं. हिच्यावर ओरडलो. मग टाकीपुढे बसून राहिलो, हात जोडून. हसायचं तर हसो कुणी.

संध्याकाळ झाली. पाचही फिरतायत. शेवटचा सुद्धा.

"बघा," ही म्हणाली, "माझ्या हातचं पाणी मानवलं त्यांना."

१० मार्च

सकाळी पाहिलं. पाचही ठणठणीत. इतका आनंद झाला की हिला चहा करून दिला.

कप विसळायला नळ सोडला आणि हात तिथेच थांबला. त्याच नळाच्या पाण्याने तीन मेले. याच नळाच्या अर्ध्या टाकी पाण्याने पाचांना काही झालं नाही.

मग औषध गेलं कुठे?

११ मार्च

दुकानातून क्लोरीन तपासायचे थेंब आणले. या वेळी बाईंना खरं सांगितलं, प्लांटवर असतो म्हणून. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला मी काय शिकवतेय!" हसल्या. मला हसू येईना.

घरी नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पांढरं. पुन्हा. पांढरं. शेजाऱ्यांच्या नळाचंही पांढरं. खिडकीजवळ नेऊन, मागे कोरा कागद धरून पाहिलं. पिवळेपणाचा मागमूस नाही.

१२ मार्च

सापडलं. औषधाचा छोटा पंप चालू. घरघर नेहमीची. पिंपातलं औषध रोज कमी होतंय. सगळं जागच्या जागी. पण भिंतीच्या आत, जिथे नळी मोठ्या पाइपला मिळते, तिथे ती उभी फाटलेली. औषध सगळं गटारात! तिथे वास नेहमीच असतो, म्हणून नाकालाही कळलं नाही.

रेडिओ आणि मी दुपारपर्यंत नवीन नळी बसवली. रेडिओ एक शब्द बोलला नाही. बावीस वर्षांत प्रथमच. शेवटी घाम पुसत म्हणाला, "म्हणजे मला मावशीने नाही मारलं."

माझ्याजवळच्या थेंबांनी तपासलं. पिवळं. आता पाणी ठीक.

मग रजिस्टर उघडलं. १७ फेब्रुवारी ते ११ मार्च. ०.५, ०.५, ०.५. माझं अक्षर वळणदार आहे. कुणीही पाहिलं तर खरंच वाटेल.

१३ मार्च

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी दार लावलं, खुर्ची दिली. चांगला माणूस आहे. मला कायम करून घेतलं ते त्यांनीच.

"नळी बसली?"

"बसली."

"पाणी शुद्ध आहे?"

"आहे."

"मग विषय संपला. हे बघ, दवाखान्यातली सगळी घरी गेली. देवाच्या कृपेने कुणी दगावलं नाही. आता ते रजिस्टर उकरून काढलंस तर आधी कोण जाईल? सही कुणाची आहे? तुझी नोकरी, क्वार्टर, पोरीचं शिक्षण – एका दिवसात. भावासारखा आहेस म्हणून सांगतो."

"आणि मावशी, साहेब?"

"उघडेल की चार-सहा महिन्यांत. लोक विसरतात."

त्यांनी 'देवाच्या कृपेने' म्हटलं तेव्हा मी मान हलवली. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

१५ मार्च

मुद्दाम खालच्या गल्लीतून गेलो. खानावळीला कुलूप, वर कागद चिकटवलेला. मागच्या ओट्यावर मावशी मोठी पातेली घासत होती. आत तर चूल पेटत नाही! विचारलं तर म्हणाली, "वापरात नसली की काळी पडतात. उघडायच्या दिवशी घासायला कुठे वेळ मिळणार?"

मी उभाच राहिलो.

"बस ना. चहा मात्र मिळायचा नाही हं, माझ्या हातचं काही घेऊ नका असं सांगितलंय सगळ्यांना." हसली. मग पातेल्यात बघत म्हणाली, "खरं सांग. तू तर घरचा डबा खाणारा, तटस्थ माणूस. इतक्या वर्षांत माझ्या अन्नाने कुणाला काही झाल्याचं ऐकलंस? परवा सून म्हणाली, आता वय झालं तुमचं, हात नीट धुतले नसतील. मलाही वाटायला लागलंय. धुतले नसतील का रे?"

एक पातेलं उचलून तिच्याजवळ ठेवलं. "येतो" म्हणालो.

आपल्याच हातांवरचा विश्वास उडालाय तिचा. आणि तो आमच्या हातांनी उडवलाय.

१६ मार्च

हिला सगळं सांगितलं. हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "लेकीच्या फीचं काय करायचं ते आधी सांगा. मग मावशीचं सांगा." चूक नाही तिचं.

१७ मार्च

ठरवलं. गप्प बसायचं. घर आधी. देव मन जाणतो.

१८ मार्च

देव मन जाणतो, हीच तर अडचण.

आज टाकीचं पाणी बदललं. बादली दोन दिवस उघडी होती, तरी थेंब टाकून पाहिले, मग ओतलं. पाच माशांसाठी मी पाणी तपासतो! गावासाठी अंदाजाने लिहीत होतो.

शाळेची आठवण आली. वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोजचं तापमान लिहायचं काम माझ्याकडे होतं. एकदा पाऊसपाण्याचं कोण जाईल बाहेर, म्हणून कालचाच आकडा खाली उतरवला. गुरुजींनी काही विचारलं नाही. मला मारलंही नाही. ओल्या फडक्याने महिन्याचा अख्खा फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. "एक आकडा न बघता लिहिलास. आता बाकीचे तरी बघून लिहिलेस हे मी कशावरून धरू?"

तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीचा किती राग!

शेवटचा आज सगळ्यांच्या आधी खायला आला.

१९ मार्च

हिने डबा देताना विचारलं, "आज जाणार का?" मी काही म्हणालो नव्हतो. कसं कळलं हिला? "लेकीशी बोलले मी फोनवर. ती म्हणाली, बाबांना म्हणावं, दवाखान्यात आम्ही ताप न मोजता लिहिला तर आम्हाला काढूनच टाकतात."

एवढंच. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि आत गेली.

२० मार्च

रजिस्टर घेऊन आरोग्य खात्यात गेलो. टेबलावर उघडलं. माझ्या वीस नोंदी. एकेक ०.५ वर लाल रेघ मारली, पुढे लिहिलं – 'तपासलं नाही'. उरलेल्या तीन नोंदी माझ्या सुट्टीच्या दिवसांच्या, रेडिओच्या. त्यांना हात लावला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "पेन दे इकडे." रेडिओ. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

तिथल्या अधिकारी बाईसाहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "खाली सही लागेल."

मी चष्मा पुसला. वीसही तारखा पुन्हा वाचल्या. मग सही केली.