गोलरेषेवरचे तेवीस फोटो

६ जानेवारी, शनिवार

मेहुण्याकडून लेन्स आणली. सत्तर-दोनशेची, लांबचं जवळ आणणारी. पांढरी आणि चांगलीच जड. गळ्यात अडकवली की माणूस आपोआप वाकतो. मेहुणा लग्नांचे फोटो काढतो. म्हणाला, भाऊजी, मुली पळणार, तेव्हा शटर हजारावर ठेवा, फोकस कंटिन्युअसवर ठेवा, म्हणजे तो पळणाऱ्याच्या मागे जाईल, आणि बाकी कशाला हात लावू नका. मी नुसता हसलो. लायसन्सच्या ऑफिसात फोटोच्या खिडकीवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. साठेक हजार चेहरे टिपलेत, एकही हललेला नाही. पण हे त्याला ऐकवलं नाही. नाती जपावी लागतात.

उद्यापासून लेकीची फुटबॉल स्पर्धा. चौदा वर्षांखालच्या मुली. लेक गोलकीपर. संकल्प: प्रत्येक मॅचचा एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा. बायकोला भिंत मोकळी करायला सांगितलं. तिनं घड्याळ काढायला नकार दिला.

७ जानेवारी, रविवार

जिंकलो. ३-१. एकूण फोटो चारशे बारा.

हजारचं शटर मला उगाच घाईचं वाटलं. साठावर ठेवलं. मुली थोड्या धुरासारख्या आल्यात, पण त्यात वेग दिसतो. बायकोनं विचारलं, यातली आपली कुठली? मी एका पिवळ्या ढगावर बोट ठेवलं. लेक वाकून बघत म्हणाली, बाबा, ती रेफरी आहे.

या घरात कलेची जाण थोडी कमीच.

९ जानेवारी, मंगळवार

ऑफिसात सराव. खिडकीसमोरच्या गृहस्थांना मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगितली. कंटिन्युअस फोकस बघायचा होता. त्यांनी फिरवली. न सांगता रांगेतल्या मागच्या बाईंनीही फिरवली. मग साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. सराव थांबवला.

निष्कर्ष: शटर हजारावरच ठेवावं. हे मी माझं मी शोधून काढलं.

१३ जानेवारी, शनिवार

दुसरी मॅच. २-२.

आज गोलच्या मागे बसलो, लेकीपासून सहा पावलांवर. दोनच अडचणी आल्या. एक, लेन्सनं फोकस जाळीवर धरला. जाळीची गाठ न् गाठ मोजता येते, पलीकडे लेक म्हणून काहीतरी आहे. दोन, इतक्या जवळून लेन्समध्ये पूर्ण माणूस मावतच नाही. सत्तरेक फोटोंत फक्त तिचे बूट. तसं बघितलं तर माणूस चेहऱ्यानं खोटं बोलेल, पायानं नाही.

चेहऱ्यासाठी तिला दोनदा हाक मारली, इकडे बघ म्हणून. ऑफिसात एका हाकेत बघतात. दुसऱ्या हाकेला तिनं बघितलं. तेवढ्यात गोल झाला.

मॅचनंतर कोचबाई स्वतः भेटायला आल्या. फार अदबीनं बोलल्या. म्हणाल्या, उद्या बरोबरी झाली तरी आपण फायनलला जातो, तेव्हा तुम्ही कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभे राहिलात तर सगळ्यांना बरं पडेल. मला खास जागा दिलीय.

लेक परतताना मागच्या सीटवर बसली.

१४ जानेवारी, रविवार, दुपारी

आजचा दिवस माझा.

जागा उत्तम निघाली. गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत. १-१ चालू होतं, पाचेक मिनिटं उरलेली. त्यांच्या उंच पोरीनं खालून जोरात मारला. लेक आडवी झेपावली. मी बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. तेवीस फोटो. रेफरी लांब होती, तिनं खेळ चालू ठेवण्याची खूण केली.

ऊन इतकं की स्क्रीनवर काही दिसेना. डोक्यावर जॅकेट ओढून खाली बसलो आणि एकेक फोटो तपासला. बाहेर काहीतरी कालवा चालला होता, दोनदा शिट्टी वाजली. एकोणीस वर्षांची सवय आहे, कामात असलो की रांगेतली भांडणं मला ऐकूच येत नाहीत. जॅकेटमधून बाहेर आलो तर मॅच संपलेली. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आनंदाश्रू. त्याचेही नऊ फोटो घेतले.

फायनल. पुढच्या रविवारी, सकाळी आठ.

१४ जानेवारी, संध्याकाळी

आत्ता फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला. चौदावा. लेकीची बोटं, हातमोज्याची शिवण, बॉलवरची माती, सगळं कोरल्यासारखं स्वच्छ. आयुष्यातला सर्वोत्तम फोटो.

बॉल गोलरेषेच्या आत आहे. पूर्ण. वीतभर.

म्हणजे तो गोल होता. म्हणजे आपण फायनलमध्ये नाही. आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.

दार लावून घेतलं. फाइलचं नाव बदलून 'वीजबिल' केलं.

बायको नर्स आहे. ती ड्यूटीवरून आली, लेकीच्या खोलीत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. म्हणाली, आज तिला काही विचारू नका. मी मान हलवली. दमली असणार.

१५ जानेवारी, सोमवार

ऑफिसात सगळ्यांना फायनलचं सांगितलं. साहेबांनी हात मिळवला. माझ्या शेजारी अंगठ्यांचे ठसे घेणारा सहकारी बसतो. त्याला नाव न घेता विचारलं, समजा एखाद्या बापाकडे एक सत्य आहे आणि ते बाहेर आलं तर मुलीचं नुकसान आहे, तर त्यानं काय करावं? तो म्हणाला, मुलीचं बाहेर कुठं जमलंय का? त्याला म्हटलं, विषय सोड.

१६ जानेवारी, मंगळवार

लेक प्रॅक्टिसला गेली नाही. फायनलआधी विश्रांती घ्यावी हे तिला उपजतच कळतं. माझ्यावर गेलीय.

जेवताना तिनं अचानक विचारलं, बाबा, त्या शेवटच्या बॉलचे फोटो आलेत का?

म्हटलं, नाही गं, सगळे हललेत. ती म्हणाली, एकही नीट नाही? मी म्हटलं, एकही नाही. ती बरं म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली. सुटल्यासारखं वाटलं असणार तिला.

माझा सर्वोत्तम फोटो हललाय असं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. याहून मोठा त्याग कुठल्या फोटोग्राफरनं केला असेल असं वाटत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

लेकीच्या टीममधल्या दोघी रोज तिला शाळेला जाताना खालून हाक मारतात. या आठवड्यात कुणी आलं नाही. मोठ्या सामन्याआधी मुली गंभीर होतात.

बायको म्हणाली, तुम्ही तिच्याशी जरा बोला ना. मी म्हटलं, तिचं लक्ष विचलित करायचं नाही. बायको माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी घेतलेला भार तिला जाणवत असावा.

ठरवलं: फायनल झाली की सोमवारी कोचबाईंना फोटो देऊन टाकायचा. सत्य एका आठवड्यात नासत नाही.

२१ जानेवारी, रविवार, सकाळी साडेसहा

तयारी पूर्ण. शटर हजार. कंटिन्युअस फोकस. दोन बॅटऱ्या. जॅकेट. लेक अजून झोपलेली. अशा दिवशी इतकी गाढ झोप. याला म्हणतात खेळाडू. उठवतो.

२१ जानेवारी, दुपारी

उठवलं. म्हटलं, चल, फायनल आहे. ती उठून बसली आणि म्हणाली, कुणाची? म्हटलं, आपली. ती दारात उभ्या असलेल्या आईकडे बघायला लागली. बायको म्हणाली, अहो, असं काय करताय?

मग कळलं. बॉल हातात आला तेव्हाच तो आत गेल्याचं लेकीला कळलं होतं. ती उठली, रेफरीपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, गोल आहे, आत होता. रेफरीनं शिट्टी वाजवून गोल दिला. २-१. पाच मिनिटांनी दुसरी शिट्टी. हरलो. हे सगळं मी जॅकेटखाली असताना.

टीममधल्या मुली तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, बॉल रेषेवरच होता, हिनं शहाणपणा करून घालवली मॅच. बुधवारी त्यांनी डब्याला तिला आपल्यात बसू दिलं नाही. आणि मॅचनंतर दोनच दिवसांत हिलाच वाटायला लागलं होतं की कदाचित रेषेवरच असेल. म्हणून तिनं मंगळवारी फोटोबद्दल विचारलं होतं.

मी कॉम्प्युटर लावला. 'वीजबिल' उघडलं. तिनं खुर्ची पुढे ओढून बघितलं. बोट स्क्रीनवर ठेवून रेषा आणि बॉल यांच्यातलं अंतर बघितलं. पुन्हा बघितलं. मग पाठ टेकवून बसली. म्हणाली, केवढा आत होता.

बायकोनं बॅगेतून जॅकेट काढलं, घडी केली आणि कपाटात ठेवलं.

लेकीनं फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला. तासाभरानं कॅप्टनचा फोन आला. बराच वेळ बोलणं चाललं होतं, एकदा हसण्याचा आवाज आला. फोटो छान आलाय असं कुणी म्हणालेलं नाही. मी विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं.

मेहुण्याला फोन केला, लेन्स संध्याकाळी आणून देतो म्हणून. त्यानं विचारलं, भाऊजी, काही हाती लागलं का? म्हटलं, एक लागला.

आत्ता लेक दारात येऊन गेली. चिडलेली नव्हती. म्हणाली, बाबा, मी रेफरीकडे चालत गेले ना, तेव्हा मला फार भीती वाटत होती. मी झेंड्याकडे बघितलं होतं. तू होतास ना तिथं?

म्हटलं, होतो की. तिथंच होतो.

ती बरं म्हणाली.