विहिरीला सोमवारची सुटी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
ग्रामीण वीज उपविभाग, निंबहळ्ळी फाटा,
जि. सोलापूर.

अर्जदार : श्रीमती गुरम्मा भ्र. शिवलिंगप्पा बिराजदार, वय अंदाजे ५८, धंदा शेती, रा. कल्लवाडी.

विषय : अर्जदाराच्या नावावरील शेतीपंपाची वीज दर सोमवारी बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) त्यांपैकी एकास आलेले आपले उत्तर, "अशी तरतूद नाही."

महोदय,

अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि खाली सही करणारा शाळामास्तर लिहितो. कागद सरकारी म्हणून भाषाही सरकारी ठेवली आहे. जिथे ती जमली नाही तिथे बाई समोर बसून रडत होत्या, असे समजावे.

१. सदर विहीर सात पुरुष खोल असून तीत तीन घरांचा हिस्सा आहे : अर्जदार, त्यांचे धाकटे दीर ईश्वरप्पा आणि मयत मधल्या दिरांचा मुलगा रेवणसिद्ध. वाडीतली बावीस घरे पिण्याचे पाणीही तिचेच नेतात. पूर्वी मोट होती. दर घराला आठवड्यातून दोन दिवस पाळी, असे सहा दिवस. सोमवार बसवण्णाचा म्हणजे नंदीचा, आमच्या भागात त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळे मोट बंद. मंगळवारी उजाडता पाहावे तो पाणी हातभर वर. लोक म्हणत, बैल विसावला. बैलासोबत विहीरही विसावते, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. बहात्तरच्या दुष्काळातही तिचा तळ दिसला नव्हता.

२. सन १९७५ मध्ये आपल्या कार्यालयाने वीज दिली. वाडी आभारी आहे, त्या दिवशी पेढे वाटले होते. तिन्ही घरांत मिळून एक मोटार बसली. थोरले घर म्हणून मीटर अर्जदाराच्या नावावर. बैल विकले आणि सोमवार मोकळा पडला. मोटारीला कसला आलाय सोमवार, असे कोणीतरी म्हणाले. हे कोणीतरी कोण, ते लेखनिकाने आधीच्या तिन्ही अर्जांत मोघम ठेवले होते. या खेपेस बाईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "मास्तर, नीट लिवा की. मीच म्हनले त्ये. थोरलेपनाचा मान म्हनून सोमवारचं पानी मीच मागून घेतलं, त्येच्यावर ऊस लावला. लई हाव सुटली हुती मला." सबब लिहिले आहे.

३. यास आता तीन उन्हाळे झाले. दर साली पाणी दहा-दहा पायऱ्या खाली गेले. यंदा चैत्रातच मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडला. बाया तळाशी रांग धरून वाटीवाटीने घागर भरतात. त्यांत अर्जदाराची सून बसम्मा आहे. तिला सातवा महिना आहे. भरली घागर घेऊन ती साठ पायऱ्या चढते आणि सासू वर काठावर उभी राहून प्रत्येक पायरीला देवाचे नाव घेते.

४. अर्जदाराने आपल्या हाताने होईल ते सर्व केले. उभा ऊस कोयत्याने तोडून गुरांना घातला आणि सोमवारची पाळी सोडली. ती लगेच रेवणसिद्धाने उचलली. "काकी, तुमी सोडलं म्हंजे आमचं झालं की!" धडा काकींनीच घालून दिलेला. पुढच्या सोमवारी बाईंनी फ्यूज काढून पदराला बांधला, तर त्याने उघडी तार जोडून मोटार चालवली. त्याच्या पुढच्या सोमवारी बाईंनी मोटारीच्या खोलीत दाराला बाज लावून ठाण मांडले. ईश्वरप्पा आणि रेवणसिद्ध यांनी त्यांना बाजेसकट उचलून चिंचेखाली नेऊन ठेवले. सावलीला ठेवले, एवढी माया त्यांनी राखली. पंचांकडे गेल्यावर पंच म्हणाले, सोमवार बैलांचा असतो, यंत्राचा नसतो.

५. आपल्या उत्तरानुसार वीज एका वारापुरती काढता येत नाही. ग्राहकाने लेखी मागितल्यास कायमची तोडता येते. साहेब, वादळी वारे सुटले की आमच्याकडे आठ-आठ दिवस वीज नसते. ती आम्ही न मागता जाते. मग हात जोडून मागितलेला एक सोमवार जड का व्हावा? हे वाक्य उद्धट वाटल्यास लेखनिकाचे समजावे, बाईंचे नव्हे.

६. काल सोमवारी मोटार अर्धा तास चालली आणि हवा ओढू लागली. ती बंद पडल्यावर बाई स्वतः तळाशी उतरल्या. झरा करंगळीएवढा उरला आहे. आज भर वर्गात येऊन त्यांनी लेखनिकाला बाहेर बोलावले आणि वरचा विषय खोडायला सांगितला. दुसरा कागद नसल्याने तो तसाच ठेवला आहे, तरी तो रद्द समजावा.

७. आता मागणी अशी की, सदर वीजजोडणी कायमची तोडावी. सातही वार.

बैल नाहीत, मोट कधीच फाटली. तिन्ही घरांची शेती यंदा कोरडी जाईल, हे बाईंना कळते. दीर-पुतण्या पुन्हा तोंड पाहणार नाहीत, हेही कळते. लेखनिकाने तीनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा त्या चिडल्या. "पिकाबिगर साल निघंल, मास्तर. पान्याबिगर बसम्मानं काय करायचं? तितं पायरीवरच बाळंत व्हायचं व्हय?"

मीटर अर्जदाराच्या एकटीच्या नावावर असल्याने इतर कोणाची संमती लागत नाही. आपल्या पत्रात हे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा या खेपेस तरतूद आहे. येत्या सोमवारच्या आत माणूस पाठवावा, नाहीतर झराही उरणार नाही.

बाईंच्या अंगठ्याचा पहिला ठसा फिसकटला म्हणून दुसऱ्यांदा घेतला आहे. दोन्ही ठसे त्यांचेच आहेत. कृपा करून त्या कारणाने अर्ज परत पाठवू नये.

आपल्या वायरमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

गुरम्मा भ्र. शिवलिंगप्पा बिराजदार
(डाव्या हाताचा अंगठा, दोन वेळा)

लेखनिक : कुंडलिक रामा गवसाने, सहशिक्षक, कल्लवाडी
मंगळवार, दि. १८ एप्रिल १९७८

सोबत : १) आपल्या उत्तराची नक्कल. २) मोटारीचा फ्यूज.