वाळवंटातल्या एका रात्रीसाठी जनरेटर

अण्णा, गेल्या आठवड्यात मी जनरेटर विकत घेतला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण दुकानातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तुमच्या जावयाच्या किडन्या निकामी झाल्यात. इथे कतारमध्ये, रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टमध्ये होता तेव्हा तो दर हिवाळ्यात मित्रांबरोबर वाळवंटात तंबू टाकायचा. आता रोज रात्री पोटातल्या नळीला डायलिसिसचं मशीन जोडून झोपावं लागतं, त्यामुळे दोह्यात, अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटबाहेर त्याची एकही रात्र गेलेली नाही. या थंडीत एका मित्राने आपली कॅरॅव्हॅन देऊ केली. चाकांवरचं घरच ते, पण त्यातला जनरेटर कधीचाच बंद पडलेला. "एक रात्र समुद्राजवळ झोपायचंय," तो म्हणाला, आणि लगेच, "जाऊ दे. माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" डॉक्टरांनी मात्र होकार दिला. वीज गेलीच तर डायलिसिसच्या द्रवाच्या पिशव्या हाताने कशा बदलायच्या, ते नर्सने मला पुन्हा करायला लावून पाहिलं.

दुकानातला केरळी विक्रेता माझ्याऐवजी नवऱ्याशीच बोलत होता. "सर, बडा लेलो. एसी, फ्रिज, सब चलेगा." मी म्हटलं, "एसी नहीं चाहिए. डायलिसिस का मशीन चलाना है, पूरी रात." मग त्याने स्वतःच मोठा जनरेटर बाजूला सारला आणि इन्व्हर्टरवाला लहान पुढे ओढला. याची वीज एकसारखी येते, हेलकावे नाहीत. रात्रभर पुरेल एवढी टाकी, आणि आवाज इतका कमी की शेजारी उभं राहून बोलता येतं. तो चालू केल्यावर मी नवऱ्याला हळूच विचारलं, "ऐकू येतंय?" तो म्हणाला, "येतंय की." मला एकदम भरून आलं.

तुमच्या जनरेटरजवळ बोललेलं कधीच ऐकू यायचं नाही. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूमागे तो ट्रकवर धडधडत असायचा, आणि त्याच ट्रकच्या आडोशाला आई भाकऱ्या थापायची. तुमचे कान तिथेच गेले. एकदा वारा फिरला आणि सगळा धूर तंबूत, बायका बसायच्या त्या बाजूला शिरला. तुम्ही सरळ मशीन बंद केलं. पडदा काळा झाला, लोक शिव्या देऊ लागले, मालक धावत आला. "खेळ मधेच का तोडलास?" तुम्ही त्याच्या ओठांकडे बघत होता. "आत लेकरं खोकतायत," एवढंच म्हणालात, आणि ट्रक हलवून होईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाहीत. दुसऱ्या गावाला मालकाने तुम्हाला नेलं नाही. आईने बोल लावला नाही. ताटात भाकरी वाढली आणि जवळ बसून राहिली.

काल संध्याकाळी इथे, वाळवंट समुद्राला भिडतं त्या किनाऱ्यावर आलो. जनरेटर लांब ठेवला, केबल ओढली, मशीन लावायला घेतलं, तेवढ्यात खिडकीतून धुराचा वास आला. वारा बदलला होता. मी बाहेर जाऊन जनरेटर बंद केला. नवरा दमला होता, चिडला. "अगं, खिडकी लाव की. खलास." मी म्हटलं, "खिडकीने भागत नाही. आधी हलवू." वाळूत ते ओझं ओढताना आम्ही दोघंही धापा टाकत होतो. नंतर तो शांत झोपला. मी कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून राहिले.

आता सकाळ आहे. नळी सोडवली आहे, आणि तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा आहे. मघाशी मागे वळून म्हणाला, "पुढच्या थंडीत परत येऊ या." मी "इन्शाल्ला" म्हणाले. इथे सगळेच म्हणतात, वेस्ट बेच्या ऑफिसात तर मी दिवसातून कितीदा म्हणत असेन, कसलाही विचार न करता. आज मात्र 'देवाची इच्छा असेल तर' हा त्याचा अर्थ मनात धरून म्हणाले. पुढची थंडी त्याला मिळेलच असं नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले; ते त्याला अजून माहीत नाही. त्याच्यासमोर मी धीराची म्हणून वावरते, मुलीला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगते. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे लिहिते. मला फार भीती वाटते, अण्णा.