गव्हर्नरसाहेबांचा फोन

हॅलिंग, नॉर्थ डकोटा
ता. ९ ऑक्टोबर १९८४

चि. गुनार यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अरे, चाळिशी उलटली तरी तुझ्या नकला सुटत नाहीत? काल बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, लाटत होते, कोपरापर्यंत पीठ, आणि फोन आला : मी गव्हर्नर बोलतोय म्हणे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर तुम्हाला नेमायचा विचार आहे. आवाज मात्र फक्कड जमवलास, अगदी नाकातला! मीही सांगितलं की गव्हर्नरसाहेब, आधी नाक शिंकरा, मग न्यायाधीश नेमा. वर आईला नाव सांगेन म्हणून दम भरला. फोन आपटला आणि एकटीच खो-खो हसत बसले.

पण गुनार, या विषयावर थट्टा नको रे. मागल्या खेपेला या न्यायालयाच्या यादीत नाव लागूनही नेमणूक राहिली, ते अजून टोचतं.

आईचा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, आगाऊपणा तेवढा कमी कर.
तुझी ताई,
रागना

मायनॉट
ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, बायबलवर हात ठेवून सांगतो, मी फोन केलाच नाही! त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली. तोंडात कापूस कोंबलेला. रेडिओवर माझे रोजचे गव्हाचे भावसुद्धा माझ्याऐवजी दुसऱ्याने वाचले. म्हणजे तू खऱ्या गव्हर्नरला नाक शिंकरायला लावलंस!

आईला पत्र वाचून दाखवलं. आधी ती पांढरीफटक पडली, मग इतकी हसली की कॉफी मांडीवर. मग डोळे पुसून म्हणाली, पोरगी कायद्याची पदवी घेऊन आली तेव्हा वकिलांनी टायपिंग येतं का विचारलं. जिल्हा न्यायाधीश म्हणून बारा वर्षं लोकांची कुंपणांची भांडणं आणि काडीमोड निस्तरले. आता लाजून घरी बसली तर मीच त्या गव्हर्नरला फोन करीन. ताई, ती खरंच करील!

माझं तोंड उघडत नाही, आई फोनवर नुसती हसते, म्हणून हे तातडीच्या टपालाने. आधी माफी माग, मग आम्हाला कळव.
तुझा निर्दोष भाऊ,
गुनार

बिस्मार्क
ता. १६ जानेवारी १९८५

चि. गुनार यास अनेक आशीर्वाद.

आई आठवडाभर आधीच येऊन राहिली होती, पण बर्फामुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माफीचा फोन केला. यादीतून नाव काढलंत तरी समजेन, म्हटलं. तर साहेब म्हणाले, नाकाचं बायको वीस वर्षं सांगतेय, पण फोन आपटणाऱ्या तुम्हीच पहिल्या! मग भेटीला बोलावलं. विचारलं, माझ्याच सरकारविरुद्ध खटला आला तर? मी म्हटलं, कायदा तुमच्या विरुद्ध असेल तर हरवीन. पण तेव्हा मात्र शेवटपर्यंत ऐकून घेईन. यावर त्यांनी एवढंच विचारलं की कामावर कधी येता.

काल पहिली सुनावणी. चार पुरुषांशेजारी मी. एक म्हातारे वकील उठले, सवयीने सज्जनहो म्हणाले, आणि मला पाहून लालेलाल होऊन थबकले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आईने खणखणीत सांगितलं की ती माझी मुलगी आहे. शिपाई तिला बाहेर न्यायला धावला. सरन्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि बाईंना पुढच्या बाकावर आणून बसवायला सांगितलं.

मी मान खाली घालून कागद वाचायचं नाटक केलं. गुनार, एक अक्षर दिसत नव्हतं रे.

तुझ्या लोभाची भुकेली,
न्यायमूर्ती ताई