रविवार, दुपारी चार

ट्रॉन्डहाइम, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या शनिवारी, ४ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी तव्यावर सुके बोंबील भाजायला घेतले.

२. वास बाहेर जाऊ नये म्हणून तिन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला.

३. अकरा एकोणीसला धुराचा अलार्म वाजला. इथल्या इमारतींतला अलार्म थेट अग्निशमन दलाकडे वाजतो. हे मला माहीत होतं.

४. चौतीस माणसं, दोन कुत्रे आणि पाळण्यासकट एक बाळ खाली उतरून गाड्या लावायच्या जागेत उभे राहिले. तापमान सहा अंश.

५. आठ मिनिटांत दोन बंब आले. आग नव्हती.

६. अधिकाऱ्याने विचारलं, काय जळलं? मी म्हटलं, मासे. कुठले? मी म्हटलं, घरचे, आईने दिलेले. त्याने पिशवी उघडून बघितली, पटकन बंद केली आणि परत दिली.

७. चौतीस लोकांची माफी मागून मी वर आले. बोंबील अर्धे जळले होते. उरलेले खाल्ले.

रुपाली वहिनीचा मेसेज मला त्याच्या दोन दिवस आधी आला होता. तिथीने आठ नोव्हेंबरला आईचं वर्षश्राद्ध आहे, तू यायलाच हवंस, असं तिने लिहिलं होतं. मी अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच आहे. हाताने लिहून, फोटो काढून वहिनीच्या फोनवर पाठवतेय, कारण दहा महिने तुझा फोन मी उचललेला नाही आणि उचलला तरी बोलता येईल असं वाटत नाही. तिला सांग, मोठं करून वाचायला लागेल, अक्षर आईवर गेलंय.

ते बोंबील शेवटचे होते. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात मी आले होते तेव्हाचे. तुला आठवत असेल, पावसाळ्याआधी आई काळाचौकीहून बस पकडून कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायची आणि आपल्या अख्ख्या मजल्याची सुकी मासळी घेऊन यायची. कुणाचे सोडे, कुणाची सुकट, कुणाचा जवळा, सगळं तिच्या डोक्यात. मी चौथीत असल्यापासून सोबत जायचे, पिशव्या धरायला आणि काट्यावर लक्ष ठेवायला. त्या दिवशीही गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून वाकून जाताना गंगुबाई कोळीण ओरडली, "काय गो दुर्गे, लेकीला परदेशात धाडलीस आणि बोंबील माझंच नेतेस? तिकडं दर्या नाय?" आई म्हणाली, "दर्या हाय, पण तुझ्यासारखी लुटणारी नाय, म्हणून चव नाय. भाव सांग गप." गंगुबाईने तिला शिव्या दिल्या आणि वर दोन मुठी जास्त घातल्या. मग घरी येऊन आईने ते तीन प्लास्टिकच्या पिशव्या, एक वर्तमानपत्र आणि स्टीलचा डबा असं बांधलं. डब्यावर अंगाचा साबण ठेवला. विमानतळावर कुत्रे हुंगतात ना, मग साबण हुंगू देत, असं तिचं म्हणणं. माझ्या कपड्यांना अजून कधीतरी साबण आणि बोंबील दोन्हींचा वास येतो.

तुला माझ्या इथल्या दिवसांबद्दल फारसं माहीत नाही, कारण ते मी तुला कधी सांगितलंच नाही. आईला सांगायचे. दर रविवारी माझ्याकडे सकाळचे साडेअकरा, उन्हाळ्यात साडेबारा, आणि तुमच्याकडे दुपारचे चार वाजले की फोन. हवापाणी, जेवण वगैरे झालं की तिचा ठरलेला प्रश्न, आज नवीन काय बघितलंस? काहीतरी एक सांगावंच लागायचं. मग मी आठवडाभर वहीत नोंदी करायला लागले, नाहीतर ऐन वेळी आठवायचं नाही.

त्यातल्या काही लिहिते. इथे कडाक्याच्या थंडीत तान्ही बाळं बाबागाडीत घालून उघड्यावर झोपवतात, आईबाप आत कॉफी पीत बसतात. आई म्हणाली, "आजी नाय वाटतं त्यांना." इथलं चीज तपकिरी असतं, गोड, दिसायला हुबेहूब गूळ. आई म्हणाली, वरणात घालून बघ. मी घातलं. घालू नये. इमारतीत कपडे धुवायची खोली एकच आहे आणि भिंतीवर वेळांची पाटी. प्रत्येकाने आपल्या नावाचं कुलूप आपल्या वेळेवर अडकवायचं, आणि कुलूप नसलेल्या वेळेतही कुणी घुसत नाही. हे ऐकून आईने मजल्यावरच्या नळाला तशी पाटी लावायची ठरवली होती. लावली का ते तिने सांगितलं नाही. ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की इथे लोक मागच्या भेटीबद्दल आभार मानतात. तीन महिन्यांपूर्वी कुणाकडे जेवला असाल तर आज रस्त्यात आभार. आईला हे फार आवडलं. पुढच्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, मागच्या रविवारबद्दल आभार हां मॅडम.

नोंदी मी अजून करते. सवय आहे. सत्त्याहत्तराव्या नोंदीपर्यंत आईला सांगून झालं होतं. आता एकशे एकोणीस आहेत. त्याचं काय करायचं मला माहीत नाही. वाईट वाटतं असंही नाही. खरं सांगायचं तर काही वाटतच नाही. डिसेंबरपासून मी वेळेवर उठते, कामावर जाते, समुद्रात सोडायचे तापमापक एका हजारांश अंशापर्यंत तपासते, घरी येऊन जेवते. एक दिवसही रजा घेतलेली नाही. रडलेही नाही. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही.

बंब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने दार वाजवलं. आर्ने त्याचं नाव. दोन वर्षांत आम्ही जिन्यात फक्त मान हलवली होती. मला वाटलं तक्रार असेल. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला लाकडाच्या ढलपीसारखा एक तुकडा होता. तो उत्तरेकडच्या एका बेटावर वाढलेला आहे. तिथे कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून महिनोन्महिने वाळवतात, मग हातोडीने फोडून खातात. खाली उभा असतानाच त्याने वास ओळखला होता. म्हणाला, कॉड नाही हे कळलं, पण वाळवलेला मासा आहे हे कळलं. आणि मग म्हणाला, "पोरी, खिडकी उघडी ठेवली असतीस तर आम्ही फक्त म्हटलं असतं, कोणीतरी मासे करतंय."

त्याला मी चहा दिला. त्याने विचारलं, आई वाळवते का मासे? मी म्हटलं, वाळवत नाही, विकत घेते, म्हणजे घ्यायची, ती वारली. हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलले, कुठल्याही भाषेत. त्याने विचारलं, कधी? मी तारीख सांगितली, एकोणीस नोव्हेंबर. आजारी होती का? चार दिवस, मी म्हटलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि सहज, हिशेब केल्यासारखं म्हणाला, चार दिवसांत पोहोचता येतं. मी हो म्हटलं. दोन विमानं बदलून एकोणीस तास लागतात. हे मी तेव्हाच काढून ठेवलं होतं. तो गेल्यावर मला कळलं की मी 'तेव्हाच' असा विचार केला. ते डिसेंबरमधलं तेव्हा नव्हतं, नोव्हेंबरमधलं होतं.

दादा, आता जे लिहिते ते नीट वाच.

गेल्या वर्षी १७ नोव्हेंबरच्या रविवारी मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल केला तेव्हा तू उचललास. म्हणालास, "अगं आई गावाला गेली, काकाच्या जमिनीवर सही पाहिजे होती. फोन इथेच विसरली बघ. तू तुझं काम कर, टेन्शन नको घेऊ." आई फोन विसरेल हे मला पटलं नाही. मी बरं म्हटलं. पुढच्या रविवारी, २४ तारखेला, तू गॅलरीत उभा राहून बोललास. डोक्यात टोपी होती. मुंबईत, दुपारी चार वाजता. तुझ्या मागे आपल्या दाराबाहेर चपला होत्या. मी मोजल्या. अकरा जोड. अप्पा गेले तेव्हा मी बारावीत होते. आपल्या दाराबाहेर इतक्या चपला कधी असतात आणि तू टोपी कधी घालतोस, हे मला ठाऊक आहे. तुझा आवाज बसलेला होता. तू विचारलंस, "जहाज कधी सुटतं गं तुझं?" मी सांगितलं, तीस तारखेला, तोवर सगळे तापमापक तपासून जहाजावर चढवायचेत. तू म्हणालास, "मग ठीक आहे." मीही म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवला आणि मुंबईची तिकिटं बघितली. मग कॉम्प्युटरवरची ती खिडकी बंद करून उरलेले चाळीस तापमापक तपासायला घेतले. सहा दिवसांत पूर्ण केले. एकातही चूक निघाली नाही.

दोन डिसेंबरला तू खरं सांगितलंस. मी तुला जे बोलले ते तुला आठवत असेलच. तू माझी आई माझ्यापासून चोरलीस म्हणाले. तुझं तोंड बघणार नाही म्हणाले. वहिनी मागून म्हणत होती, अगं तो रोज रडत होता, तुझ्या नोकरीवर गदा नको म्हणून बोलला नाही. मी फोन कापला आणि दहा महिने तोच राग धरून बसले, कारण तो सोपा होता. तू खोटं बोललास हे खरं आहे. पण मला २४ तारखेलाच कळलं होतं, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तेराव्याला तरी मी पोहोचले असते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तू मला फसवलंस असं म्हणायचा हक्क मला नव्हता, तरी मी म्हटलं. त्याबद्दल माफ कर. याहून जास्त लिहिता येत नाही.

आता एक विचारायचं आहे. त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. वहिनीने मला सांगितलंय की पंधराला आईला परळला हॉस्पिटलात दाखल केलं, आणि सतराला, रविवारी, तिला बरं वाटत होतं. उठून बसली, चहा प्यायली, बोलली. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होती. म्हणजे मी फोन केला आणि तू ती गावाला गेली म्हणालास, तेव्हा ती जागी होती, आणि तिला वार माहीत होता. तिने माझ्या फोनबद्दल विचारलं का? विचारलं असेल तर तू तिला काय सांगितलंस? मी येतेय म्हणालास, का मला कळवलंच नाही म्हणालास, का माझा फोनच आला नाही म्हणालास? यातलं जे असेल ते लिही. माझ्यासाठी बरं करून लिहू नकोस. आईला फोन आला नाही असं वाटून ती गेली असेल तर तेही मला माहीत पाहिजे. त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही, बोलायला मी जागा ठेवलेली नाही. पण हे माहीत नसताना आठ तारखेला तुझ्या शेजारी पाटावर बसून मला हात जोडता येणार नाहीत.

माझ्या रजेचा अर्ज २१ ऑक्टोबरला द्यावा लागतो. तुझं उत्तर आलं, मग ते काहीही असो, तर मी येईन. नाही आलं तर येणार नाही. फोन करू नकोस, लिहून पाठव. सोमवार, २० ऑक्टोबर, तुमच्या रात्री आठपर्यंत उत्तर दे.

तुझीच धाकटी,
आकांक्षा